आदत, दुसा आणि ब-अधिक

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला नगरच्या सावेडीतल्या एखाद्या घरात दिवा दिसला, तर तीन शक्यता असतात. घरातल्या पोराचा कॉलेजप्रवेश अडकलेला असतो, कुणाला पुण्याची पहिली एसटी गाठायची असते, नाहीतर त्या घरात ग्रेडमास्तर राहतो.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट सुरू होत असतो. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची वाटणी. संघांनी पाळीपाळीने एकेक पोरगा उचलायचा. पहिल्या पाळ्या हरलेल्या संघांना मिळतात, आणि त्यांचा क्रम सोडतीने ठरतो. २६ जून २०२५च्या पहाटे डॅलसने कूपर फ्लॅगला पहिल्या क्रमांकावर उचललं, तेव्हा दूधवाला यायचा होता. ग्रेडमास्तर कोरा चहा घेऊन बसला होता. सोडतीत पहिला क्रमांक लागण्याची डॅलसची शक्यता होती अवघी १.८ टक्के. हा आकडा त्याने त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना सांगितला. दूधवाल्यालाही सांगितला.

पण हा खरा ड्राफ्ट त्याच्या लेखी सराव परीक्षा. बोर्डाची परीक्षा रविवारी रात्री असते, आणि त्या ड्राफ्टमधला एकही खेळाडू या पृथ्वीवर जन्मलेला नसतो.

‘बास्केटबॉल जीएम’ नावाचा एक फुकट खेळ आहे, ब्राउझरमध्ये चालणारा. जेरेमी शेफ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तो लिहिला. त्यात चेंडू दिसत नाही, कुणी उडी मारत नाही, शिट्टी वाजत नाही. दिसतात ते तक्ते. संघ तीस, प्रत्येकाचा खजिना वेगळा, आणि दर हंगामाच्या शेवटी एकोणीस ते बावीस वर्षांच्या पोरांची नवी खेप. नावं, उंची, देश सगळं यंत्राने रचलेलं. मास्तर आणि त्याच्या मित्रांनी यातले काही संघ वाटून घेतले आहेत. एक मित्र केडगावला आहे, एक हिंजवडीला, एक न्यू जर्सीत. फाइल मास्तरकडे असते. ज्याच्याकडे फाइल त्याच्याकडे गावची पाटीलकी, एवढा कायदा या लीगला पुरतो.

पैसे कुणीच लावत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ड्रीम इलेव्हनच्या पैशांच्या स्पर्धा थांबल्या, आणि भिस्तबाग चौकातल्या टपरीवर निम्म्या गिऱ्हाइकांचे चेहरे पडले. मास्तरचं काहीच गेलं नाही. त्याला पैसा मिळवायचा नव्हताच. त्याला मार्क द्यायचे होते.

फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत, असं म्हणतात. मास्तर नेमके तेच मोजतो. ड्राफ्ट संपला, की दोनशे पानी वही काढतो. निळ्या पेनने शेरा, लाल पेनने श्रेणी. दोन फेऱ्या, साठ पोरं, साठ शेरे. ‘उंची उत्तम, नेम बेताचा. क-अधिक.’ ‘चपळ आहे, पण अंगात मांस नाही. दोन वर्षं खाऊ घालावं लागेल. ब.’ ‘केडगावकरांनी याला सातव्या क्रमांकावर का घेतलं, ते केडगावकरच जाणोत. ड.’ गंमत अशी, की स्वतः मास्तरला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत क श्रेणी मिळाली होती, आणि परीक्षकाला चित्र समजलं नाही, असं तो आजही सांगतो.

या खेळात प्रत्येक पोराला दोन आकडे असतात. एक त्याची आजची कुवत आणि दुसरा पुढची संभाव्य कुवत, म्हणजे पोटेन्शियल. पडद्यावर त्याचं आखूड रूप येतं ‘पॉट’. बोलताना त्याचं व्हायचं तेच होतं.

एका रविवारी मास्तर फोनवर ओरडत होता, “अरे, बेचाळीस आहे रे तो! पण पोट बघ ना! पोट अडुसष्ट आहे!”

आई आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “कुणाचं रे?”

“आमच्या नव्या पोराचं.”

“वय काय?”

“एकोणीस.”

“एकोणिसाव्या वर्षी एवढं पोट? रात्री उशिरा जेवत असणार. त्याला म्हणावं, ओवा खा.”

मास्तरने वहीत शेरा लिहिला: ‘पोट मोठं, भरायला वेळ लागेल.’ आईचं म्हणणं फारसं चुकलंही नव्हतं. त्या दुसऱ्या आकड्याचा भरवसा नसतो. तो यंत्राचा अंदाज असतो. शिवाय नव्या पोरांचे आकडे खेळ मुद्दाम थोडे धूसर करून दाखवतो. पारखी नेमायला जास्त पैसे खर्च केलेत, तर धुकं जरा विरळ होतं. पुढे पोरगा वाढेल की खुंटेल, हे दरवर्षी फासे टाकल्यासारखं ठरतं. अडुसष्टचा पोरगा पन्नाशीत अडकतो आणि कुणी न विचारलेला साठाव्या क्रमांकाचा गडी सगळ्या लीगला पुरून उरतो.

हे त्याला माहीत नाही, असं नाही. चुकलेल्या निवडींचा इतिहास त्याला तोंडपाठ आहे. १९८४ साली पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बॉवीला उचललं आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मायकल जॉर्डन मिळाला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. बॉवीचा पाय तर कॉलेजातच दिसला होता, कारण त्या मोडक्या पायापायी त्याचे दोन हंगाम बुडाले होते. तरीही पोर्टलंडने त्यालाच घेतलं. त्यांना उंच गडी हवा होता, आणि जॉर्डनच्या जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांच्या घरात आधीच होता. २०१४ साली निकोला योकिचचं नाव एक्केचाळिसाव्या क्रमांकावर पुकारलं गेलं, तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती. पुढे हाच गडी तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

समोरचा बास्केटबॉल बघत नसेल, तर मास्तर क्रिकेटवर येतो. २००८ साली आयपीएलनेही एकोणीस वर्षांखालच्या पोरांचा ड्राफ्ट केला होता. पहिली पाळी दिल्लीची होती. नुकताच विश्वचषक जिंकून आलेला कर्णधार त्यांच्याच शहरातला होता. दिल्लीने डावखुरा गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला, आणि विराट कोहली बेंगळुरूला गेला तो गेलाच. “त्या दिवशी मी ग्रेड द्यायला असतो ना,” मास्तर म्हणतो, “तर दिल्लीला ड दिला असता.” त्या दिवशी तो आठवीत होता आणि त्याचा आवडता खेळाडू युवराज सिंग होता, हा तपशील हिंजवडीच्या मित्राने पुरवला.

मास्तरच्या शास्त्राचा कणा असा: श्रेणी निवडीला असते, निकालाला नसते. पोरगा चमकला, तर ‘मी म्हणालो होतो’. पोरगा खुंटला, तर ‘निवड बरोबर होती, फासे उलटे पडले’. दोन्ही वाटा वाड्यावरच येतात. त्याच्या स्वतःच्या संघाला आजवर ‘अ’च्या खाली श्रेणी मिळालेली नाही. केडगावकराने एकदा बोर्डाच्या धर्तीवर गुणपडताळणीचा अर्ज केला. मास्तरने तो स्वीकारला, शुल्क म्हणून दोन कटिंग चहा घेतले, उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली आणि ‘गुणांत बदल नाही’ असा शेरा मारून परत केली. चहाचे पैसेही परत दिले नाहीत.

अमेरिका आणि नगर यांचा संबंध काही नवा नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरमध्ये होतं आणि त्या लोकांनी इथे शाळा काढल्या. पण मास्तरच्या घरच्यांना त्याच्या या वेडाचं मूळ अमेरिकेत दिसत नाही. ते दिसतं श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीला.

काष्टीचा जनावरांचा बाजार नावाजलेला. मास्तरचे आजोबा, म्हणजे आबा, पंच्याऐंशीच्या घरात आहेत. दावणीला आता बैल नाही, ट्रॅक्टर उभा असतो. तरी बाजार सुटलेला नाही. गेल्या दिवाळीनंतर त्यांना घेऊन जायची पाळी मास्तरवर आली. आबा गर्दीतून सरळ एका खिलार खोंडापाशी गेले आणि मालकाला न विचारता त्याचा खालचा ओठ खाली ओढला. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. वय सांगतात ते खालचे. सगळे दुधाचे, तर ‘आदत’. दोन पक्के आले, साधारण दोन-अडीच वर्षांचा, तर ‘दुसा’. चार आले, तर ‘चौसा’. आठही पक्के झाले, की बैल ‘जुळला’. शर्यतीच्या माळावरही बैल याच नावांनी ओळखतात. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींचा कायदा उचलून धरल्यापासून, आबांच्या मते, आदत खोंडांच्या किमतीला काही धरबंध राहिलेला नाही.

“आदत हाय आजून,” आबा म्हणाले. मग वशिंड दाबून पाहिलं, खूर पाहिले, पाठीवरचे भोवरे पाहिले. खोंड दहा पावलं चालवून आणायला लावलं. मास्तर मागे उभा राहून खिशातल्या कागदावर टिपून घेत होता. चालण्याला सात, खुरांना आठ, भोवऱ्यांना काय द्यावं ते कळेना.

“आबा, हा पुढं किती मोठा होईल?”

“याची आय कुठंय?”

“काय?”

“आय रे, आय. हिकडं दात बघून काय व्हतंय? आय बघ आन् बाप इचार.”

मास्तरला धक्का बसला. त्याच्या खेळात क्वचित एखादं पोरगं जुन्या खेळाडूचा मुलगा निघतं, पण आई हा रकाना तिथे नाही. एवढ्यात खोंडाचा मालक आणि एक दलाल यांनी उपरण्याखाली हात घातले. बोटांनी भाव ठरू लागला. तोंडाने एक अक्षर नाही. मास्तर पाहतच राहिला. इथे कुणी शेरा लिहीत नव्हतं, कुणी कुणाला समजावत नव्हतं.

“आबा, तुम्ही काय ग्रेड द्याल याला?”

“कसला?”

“म्हणजे, मार्क किती द्याल?”

आबांनी खोंडाकडे पुन्हा एकदा पाहिलं. “चालंल,” ते म्हणाले आणि भेळ खायला निघाले. परतीच्या वाटेवर मास्तरने हिशेब केला. आबांच्या पद्धतीत दोनच श्रेण्या आहेत, ‘चालंल’ आणि ‘न्हाई’. अधिक-उणे नाही. गुणपडताळणीही नाही.

तेव्हापासून वहीत फरक पडला. नव्या पोरांचे गट आता ‘आदत’, ‘दुसा’ आणि ‘चौसा’ असे पडतात. एकोणीस वर्षांचा तो आदत, बावीस वर्षांचा कॉलेज पुरं करून आलेला तो चौसा. न्यू जर्सीच्या मित्राने अर्थ विचारला. त्याला सगळं समजावून सांगण्यात अर्धा तास गेला, आणि शेवटी तो म्हणाला, “म्हणजे वरचे दात नसतात?”

वहीच्या मागच्या भागात कबड्डी आहे. प्रो कबड्डीत नव्या, तरुण खेळाडूंचा एक वेगळा गट असतो, आणि काही काळ मास्तर त्यांनाही श्रेणी देत असे. २०२१-२२ च्या आठव्या हंगामाचं पान तिथे आहे. त्यावर पुणेरी पलटणचा एक नवखा चढाईपटू आहे, याच नगर जिल्ह्यातला, अस्लम इनामदार. त्याच्यापुढे निळ्या शाईत शेरा आहे: ‘पाय चपळ, अनुभव नाही. मोठ्या सामन्यात टिकेल का, शंका.’

अस्लम २०२३ साली हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. कर्णधार अस्लम होता, आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

मास्तर ते पान सहसा कुणाला दाखवत नाही. केडगावकराने एकदा, मास्तर चहा आणायला आत गेलेला असताना, ते पाहून घेतलं. शेऱ्यापुढे लाल शाईत ‘अ’ आहे. त्याच्याखाली, निरखून पाहिलं तर, एक ‘क’ आहे. दोन्ही लाल शायांचा रंग वेगळा आहे.