३१ मार्चच्या आत देशाचा जीडीपी कसा वाढवावा

नवे साहेब, नव्या मॅडम, अभिनंदन! आहरण व संवितरण अधिकारी झालात. म्हणजे तुमची सही झाल्याशिवाय बिल कोषागारात जाणार नाही. भारताच्या जीडीपीत सरकारच्या उपभोग खर्चाचा हिस्सा साधारण १० ते ११ टक्के असतो. तुम्ही मनावर घेतलेत तर तो वाढायला कितीसा वेळ?

१. आधी हिशेब समजून घ्या. कांद्याचे मोल बाजारात मिळालेल्या भावावर ठरते. तुमच्या कचेरीतल्या दाखल्याला बाजारभाव नाही, म्हणून राष्ट्रीय उत्पन्न मोजणारे त्याचे मोल खर्चावरून धरतात: पगार, कागद, वीजबिल, इमारतीची झीज. दाखला त्याच दिवशी दिलात काय, तीन महिने हेलपाटे घालायला लावून दिलात काय, पगार तेवढाच. म्हणजे चालू किमतींना देशाचे उत्पादनही तेवढेच. उगाच धावपळ करू नका, तब्येतीला बरी नाही.

२. पैसा भलत्या जागी घालवू नका. रस्ता बांधलात तर तो भांडवलनिर्मितीत जातो. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये नुसते हस्तांतरण. तिने त्यातून किराणा भरला की श्रेय खासगी उपभोगाला. कर्जावरच्या व्याजाचेही तेच, तुमच्या पदरात काही नाही. भरवशाची दोनच माणसे: पगार आणि कार्यालयीन खर्च. प्रिंटर घेऊ नका, तो मालमत्तेत धरतात. टोनर घ्या. प्रिंटर नसला तरी घ्या.

३. डिसेंबरपर्यंत फायलीवर 'चर्चा करावी' एवढाच शेरा मारा. अनुदानच उशिरा येते, हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्या जिवाची घालमेल समजते. पण वाचवायचा मोह टाळा. उरलेले अनुदान व्यपगत होते आणि पुढच्या वर्षी मागायला गेलात की 'मागचे तरी कुठे संपवलेत?' असे ऐकावे लागते. ज्याने काटकसर केली त्याचीच तरतूद कापायची, ही पद्धत ज्याने काढली त्याला माणसाचा स्वभाव उत्तम कळत असणार.

४. नियमांची भीती बाळगू नका. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम ६२ वर्षअखेरच्या खर्चाच्या घाईला सरळ आर्थिक औचित्याचा भंग म्हणतो. मार्चमध्ये १५ टक्क्यांच्या वर खर्च नको, अशी मर्यादाही दिल्लीच्या अर्थ मंत्रालयाने घातलेली आहे. दोन्हींच्या झेरॉक्स काढून फायलीला लावा. झेरॉक्सचा खर्च उपभोगातच जातो.

५. मार्च उजाडला की लागा कामाला. काय हवे आहे, हे विचारू नका. लेखाशीर्षात किती उरले, ते विचारा. बरोबर तेवढ्याच रकमेची गरज टिप्पणीत 'तातडीची' म्हणून मांडा. मग तीन कोटेशन मागवा. लेटरहेड तीन, पत्ते तीन, पण 'कार्ट्रिज'चे 'कार्टीज' तिन्हींत सारखेच झालेले असेल. त्याकडे पाहू नका. सर्वांत कमी दर मंजूर करा आणि माल यायच्या आत 'माल सुस्थितीत मिळाला' हा शिक्का मारून घ्या, नंतर शिक्का सापडत नाही.

६. ३१ तारखेला कोषागार. बीडीएस, म्हणजे अनुदान वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीतली पावती, आधी काढून ठेवा, संध्याकाळी साइट हमखास रेंगाळते. बिल लिपिकाला पुढे धाडा, सोबत वडापाव द्या. 'त्रुटी' लागून बिल परत आले तर रडू नका, जिन्यातच दुरुस्त करा. वार आड येईल ही काळजी सोडा. २०२४मध्ये ३१ मार्चला रविवार होता, तर रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका सुरू ठेवायला लावल्या.

७. उपयोगिता प्रमाणपत्र त्याच रात्री टाइप करा. पैसा गेला, म्हणजे उपयोग झाला. टोनर कोणत्या खोलीत आहे, हे त्यात विचारलेले नसते.

८. १ एप्रिलला रजा टाका. अर्ज आधीच देऊन ठेवा. भरपगारी रजा असेल तर त्या दिवशीचा पगारही देशाच्या उत्पादनातच धरला जातो.