आधी आवक बघू

नोकरीचं पत्र आलं की ते गावातल्या एका माणसाला दाखवावंच लागतं. तुमच्याकडेही तो असेलच. आमच्या येलदरीत आबा आहेत. पूर्णेवरच्या धरणावर, पाटबंधारे खात्यात, त्यांची हयात गेली. आता धरणाचे १० दरवाजे दुसरं कुणीतरी उघडतं, म्हणून आबा पदवीधर पोरांचे दरवाजे धरून बसतात.

भाच्याला कॉलेजातूनच नोकरी लागली. ४८ तासांत होकार कळवा, नाहीतर पत्र रद्द. आबा म्हणाले, "कागद आण. मोबाईलातलं मला खरं वाटत नाही." पोरगं जिंतूरला जाऊन प्रिंट काढून येईस्तोवर अर्धा दिवस गेला. आबांनी चष्मा पुसला, पगाराचा आकडा अंगठ्यानं झाकला आणि म्हणाले, "आधी आवक बघू."

ही आवक आमच्या डोक्यात गेली आहे. वरच्या खडकपूर्णा धरणातून किती सुटलं, इथं किती पोचेल, खाली सिद्धेश्वरला किती सोडायचं, यापलीकडे जगात हिशेबच नाही. पॅकेजमधून पीएफ न् ग्रॅच्युइटी वजा जाऊन हातात पडतो तो जिवंत साठा. उरलेला मृतसाठा, "कागदावर दिसतो, कालव्यात येत नाही." पुण्याचं घरभाडं म्हणजे विसर्ग. दोस्तांच्या पार्ट्या म्हणजे बाष्पीभवन. दोन वर्षांचा बॉण्ड वाचून त्यांनी विचारलं, "ह्याला सांडवा कुठंय?" पुतणीला स्थळ आलं तेव्हाही आधी आवक. चहात साखर किती टाकू, असं विचारलं तरी आवक.

"आबा, उद्या पाचला मुदत संपती."

"संपू दे की. कामून घाबरायलास? दुसरी येईल."

दुसरी कुठली यायला! बऱ्याच कॉलेजांत एक नोकरी पदरात पडली की पुढच्या कंपनीसमोर बसू देत नाहीत, आणि नाकारली तर पुढची मिळेलच असं नाही. कंपनी घड्याळ लावते ते उगीच नाही. पोरानं चार ठिकाणी भाव विचारू नये म्हणून. कायदाही तिच्याच बाजूचा. दिलेली मुदत टळली की प्रस्ताव संपला, असं १८७२ चा करार कायदा सांगतो.

आबांना हे पटत नाही, कारण ते लागले रोजंदारीवर. १९६७ च्या कालेलकर तडजोडीनं सलग पाच वर्षं रोजंदारी केलेल्याला रूपांतरित आस्थापनेवर घ्यायचे. म्हणजे आबांची मुदत भरली तेव्हा नोकरी पक्की झाली. भाच्याची भरली असती तर हातची गेली असती.

शेवटी पाचला दहा कमी असताना, आबांना न विचारता, त्यानं होकार धाडला. आबांनी आठ दिवस अबोला धरला.

मग कंपनीचं पत्र: रुजू होण्याची तारीख मागाहून कळवू. ते मागाहून काही येईना. २०२२ च्या तुकडीतल्या पोरांना मोठ्या आयटी कंपन्यांनी असंच ताटकळत ठेवल्याचं पेपरात आलं होतं. पोरानं तासांत उत्तर द्यायचं, कंपनीनं सवडीनं.

"काय, गेला नाहीस अजून?" असं जो तो विचारायला लागला, तसं भाच्यानं घराबाहेर पडणं सोडलं. आता आबा उट्टं काढणार, अशी माझी खात्री होती. आबा पारावर जाऊन बसले आणि लोकांवरच खेकसले, "वरून सुटलंय त्याचं पाणी. पोचायला वेळ लागतो. तुमी कशाला तोंड घालायलात?" घरी येऊन पोराला म्हणाले, "चल, जिंतूरला जाऊन येऊ." काम काहीच नव्हतं. भजी खाऊन दोघं परत आले.

तेव्हापासून कंपनीला रोज सकाळी फोन आबाच लावतात. पलीकडच्या मुलीला पहिल्या दिवशी त्यांनी "बाई, आज आवक किती?" असं विचारलं, तर तिनं फोन ठेवला. आता ठेवत नाही. ती स्वतःच अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे, हे आबांनी तिच्याकडून काढून घेतलंय. तिला दुसरीकडून पत्र आलंय, उत्तर सोमवारपर्यंत द्यायचंय. आबांनी तिला कागद पोस्टानं पाठवायला सांगितलाय.