वरच्या मजल्यावरील अन्नछत्र

दानधर्माचे फळ दात्यास किती आणि याचकास किती मिळते, याचा ऊहापोह आपल्या शास्त्रकारांनी भरपूर केला आहे; परंतु दात्याच्या नेमका एक मजला खाली जो इसम राहतो त्याच्या वाट्यास काय येते, याविषयी एकाही स्मृतिकाराने अवाक्षर काढलेले नाही. जे येते ते वर्णाने बहुतांशी शुभ्र असते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. चिंचोटीस बिऱ्हाड केल्यापासून तो इसम मी आहे, आणि तो दाता म्हणजे आमच्या डोक्यावर वास्तव्य करणारे नाना.

अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गास कामण-भिवंडीचा रस्ता जेथे फुटतो तेथे हे गाव आहे. पावसाळ्यात धबधब्याच्या लोभाने मुंबईची तरुण मंडळी इकडे लोटतात, आणि बंदीचा हुकूम दाखवून पोलीस त्यांस परत लोटतात, एवढीच काय ती गावाची ख्याती. परंतु मी घर घेतले ते पाठीमागच्या डोंगरावर नजर ठेवून. 2003 साली अभयारण्य म्हणून घोषित झालेला तुंगारेश्वराचा सुमारे पंचाऐंशी चौरस किलोमीटरांचा मुलूख हाकेच्या अंतरावर असता, प्रातःकाळी दयाळाच्या शिळेने जाग यावी, माध्यान्ही तांबटाची टकटक ऐकत वामकुक्षी करावी आणि सायंकाळी सातभाईंचे कौटुंबिक भांडण तटस्थपणे पाहावे, असा माझा बेत होता. प्रत्यक्षात मला जाग येते ती पारव्यांच्या घुमण्याने, आणि तीही माझ्याच पोटमाळ्यावरून.

याचे कारण नानांची ज्वारी. नानांचे पूर्वायुष्य दादरच्या कबुतरखान्याच्या परिसरात गेले. 1933 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या त्या वास्तूस जाता-येता मूठभर दाणे वाहण्याचा त्यांचा शिरस्ता होता, आणि निवृत्तीनंतर तो शिरस्ता त्यांनी सामानाबरोबर इकडे आणला. मात्र मुठीची जागा पायलीने घेतली. आता वास्तविक तुंगारेश्वराच्या पक्ष्यांस नानांच्या ज्वारीची गरज नाही. तांबट वड-उंबराची फळे खातो, खंड्या डबक्यावर दबा धरून बसतो, आणि यांपैकी कोणीही आजतागायत नानांच्या गॅलरीत अर्ज घेऊन आलेला नाही. जे आले ते पारवे. म्हणजे ज्यांस महामार्गावर सांडलेले धान्य आणि वडापावच्या गाड्यांचे अवशेष यांवर सुखाने गुजराण करता आली असती, तेच. सरकारी मदतीच्या रांगेत प्रथम कोण उभा राहतो याचा ज्यांस अनुभव आहे त्यांस याचे नवल वाटणार नाही.

पारवा हा प्राणी प्रपंचात अत्यंत तत्पर. चार काटक्या टाकल्या की त्याचे घरटे झाले. त्यात दोन अंडी, अठरा-एकोणीस दिवसांत पिले, आणि ती पुरती उडती झाली नाहीत तोच पुढच्या अंड्यांची तयारी. बारा महिने हे कारखाने चालू. मी ही वस्तुस्थिती नानांच्या कानी घातली तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, “अहो, अवधूतानं चोवीस गुरू केले, त्यांत कपोत आहे. एकनाथी भागवत काढून बघा.” मी काढून पाहिले. कपोतास गुरू केले आहे हे खरे. परंतु संसारात अतोनात गुंतलेला जीव सहकुटुंब पारध्याच्या जाळ्यात कसा सापडतो, म्हणजेच कसे वागू नये, हे शिकण्यासाठी. हे सांगताच नाना क्षणभरही न डगमगता उद्गारले, “गुरू तो गुरूच. दक्षिणा नको का द्यायला?”

वैश्वदेवातला काकबळी मी जाणतो. घासभर भात दाराबाहेर ठेवावा, कावळ्याने तो न्यावा, आणि यजमानाने जेवावयास बसावे, यात केवढा प्रमाणबद्धपणा आहे! तो कावळा 1972 च्या वन्यजीव कायद्यात उंदरांच्या पंक्तीस उपद्रवी म्हणून बसविलेला होता, आणि 2022 च्या दुरुस्तीत ती पंगतच उठेपर्यंत बिचाऱ्याने दर पितृपक्षात मात्र आपल्या आजोबांची वकिली निमूटपणे केली. नानांच्या पारव्यांनी कोणाच्याही पूर्वजांचे काम केल्याचे ऐकिवात नाही. त्यांनी केले ते हे, की चैत्रात वाळत घातलेल्या कुरडया आणि आमच्या सासुरवाडीहून आलेली वसईची सुकेळी यांवर अशी मोहोर उमटवली की सौभाग्यवतीने दोन्ही ताटे माझ्यासमोर आणून ठेवून, “आता तरी वर जाता का?” असे विचारले.

मी वर गेलो नाही. सोसायटीच्या दप्तरी अर्ज दिला. त्यात पारव्यांच्या विष्ठेपासून फुफ्फुसांस होणाऱ्या विकाराचा हवाला दिला, आणि वरळीच्या एका इमारतीत असाच तंटा दिवाणी न्यायालयात जाऊन 2021 साली वरच्या कुटुंबास गॅलरीतून दाणापाणी घालण्याची कायमची मनाई झाल्याचा दाखलाही जोडला. अर्ज ‘पाहिला’ असा शेरा घेऊन परत आला. पुढे 2025 च्या श्रावणात खुद्द दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, आणि जमावाने येऊन ती ताडपत्री फाडली, तेव्हा कमिटीचे सभासद मला जिन्यात गाठून म्हणाले, “बघितलंत? हायकोर्टापर्यंत गेलेल्या मामल्यात आम्ही हात घालायचा?”

तेव्हा मी वसईच्या इतिहासास अनुसरून वागण्याचे ठरविले. चिमाजीअप्पांनी 1739 साली हा प्रांत घेतला तो स्वतःच्या बळावर. परंतु तेवढी उमेद माझ्यापाशी नसल्याने मी दुसऱ्या बाजीरावाचा मार्ग पत्करला. त्यांनी 31 डिसेंबर 1802 रोजी याच वसईस तह करून, सव्वीस लाखांचा मुलूख तोडून देऊन, इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली. मी अर्धा शेर दूध तोडून देऊन एक मांजर पदरी घेतले. प्रथम मोहीम झकास चालली. फौज गॅलरीत नुसती शेपूट हलवीत बसली की आकाश मोकळे होई. परंतु तैनाती फौजेचा स्वभाव इतिहासात नमूद आहे: तिला थोड्याच दिवसांत खर्चास कमी पडू लागते, आणि ती आजूबाजूच्या संस्थानांची चौकशी करू लागते. एके सकाळी ती जिना चढून नानांच्या ज्वारीच्या गोणीवर जाऊन निजली.

प्राणिमात्रांविषयीचा नानांचा कळवळा पक्ष्यांपुरता मर्यादित नव्हता, हे माझ्या हिशेबात आलेच नव्हते. ज्या गृहस्थाने उभ्या हयातीत कोळणीच्या पाटीकडे मान वळवून पाहिले नाही, तो नायगावच्या बाजारातून तोंडावर रुमाल धरून मांदेली आणू लागला. मांजर वरच्या मजल्यावर कायम झाले. त्याच्या धाकाने पारवे तेथून उठले आणि, गाव सोडण्याचे काहीच कारण नसल्यामुळे, समस्त कुटुंबकबिल्यासह माझ्या गॅलरीत उतरले.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या शिपायाने मला एक लखोटा आणून दिला. आत नानांच्या वळणदार अक्षरातील अर्जाची नक्कल होती: खालच्या मजल्यावरील रहिवाशाने पाळलेल्या कबुतरांची पिसे वर उडून अर्जदाराच्या मांजराच्या दुधात पडतात, तरी योग्य तो बंदोबस्त व्हावा. पुराव्यादाखल वरळीच्या निकालाचा उतारा जोडला होता. तो माझ्याच अर्जावरून उतरवून घेतलेला होता, आणि समासात कमिटीचा शेरा होता: ‘तातडीने कार्यवाही करावी.’