बोला, पण पुण्याला जाऊन

तीन वर्षांचं पोरगं अजून बोलत नाही म्हटल्यावर लोणावळ्याजवळच्या भुशीत तज्ज्ञांची वाण नसते. आजी वेखंड उगाळते. शेजारीण म्हणते, ‘आमचाही असाच होता, आता गप्प बसवावा लागतो.’ काका चहा पिता पिता निदान करतात : मामावर गेलाय.

स्पीच थेरपिस्ट तेवढा सापडत नाही.

भुशीचं धरण इंग्रजांच्या काळात बांधलं ते रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून. शेजारच्या आयएनएस शिवाजीत 1945 पासून नौदलाला इंजिनं सांभाळायला शिकवतात. म्हणजे यंत्र अडलं तर इथं सगळी सोय. जीभ अडली तर? पुणे, 64 किलोमीटर.

तिथलं सत्र पाऊण तासाचं. त्यासाठी आईचा अख्खा दिवस, बापाचा खाडा आणि लोकलमध्ये वडापाव मागणारं पोरगं. मागणारं म्हणजे बोट दाखवणारं. आठवड्यातून दोनदा या, असं थेरपिस्ट सांगतात. बरोबरच सांगतात. खाडे मालक मोजतो.

सरकारचं लक्ष नाही, असं मात्र म्हणायचं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 चा. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं. डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता, सगळे. बोलण्यात उशीर दिसला की चिठ्ठी मिळते. निदान दारात, उपचार जिल्ह्यात!

2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा आणि भाषादोषही आहे. त्याचं प्रमाणपत्र मिळतं. पुढे?

आणि आधी कान तपासा हो. ऐकूच येत नसेल तर लेकरू बोलणार काय? ही तपासणी जन्मल्यावर लगेच करता येते, पोरगं झोपलेलं असताना, काही मिनिटांत. पण कान टोचायची आपल्याला जेवढी घाई, तेवढी तपासायची नाही.

मग कुठं ‘वाणी सुधार’ची पाटी दिसली की लोक धावतात. इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी, वर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, एवढं केल्यावर माणूस थेरपिस्ट होतो. पाटीवाला एका फ्लेक्सात होतो. नोंदणी क्रमांक विचारून बघा. त्याचीच वाचा बसते.

शिकलेली मंडळी इकडे दवाखाना का टाकत नाहीत? लोणावळ्यात गाळ्याचं भाडं विचारा. ते चिक्कीवाल्याला परवडतं.

उरला व्हिडिओ कॉल. पावसात रेंज जाते, ती आली की पोरगं लाल बटण दाबतं. पुन्हा जोडा, पुन्हा ‘बाळा, हे काय?’ तरी नसल्यापेक्षा बरा, कारण घरी काय करून घ्यायचं ते आईबापांना तरी कळतं.

त्यातली पहिली सूचना : मुलाच्या हातात मोबाईल देऊ नका.