पाणी न घालणारे तात्या

रत्नागिरीत पाणी घालणारे पुष्कळ. नारळाला घालतील, पोफळीला घालतील, दुसऱ्याच्या बेतावर तर कुणी न सांगता ओततील. पण पाणी न घालण्याची साधना करणारा माणूस आमच्या आळीत एकच. तात्या.

तात्यांची सगळी नोकरी पाणी सोडण्यात गेली. सायकलला ती लांब लोखंडी किल्ली बांधलेली. व्हॉल्व्ह इकडे फिरवला की वरच्या आळीला पाणी, तिकडे फिरवला की खालच्या आळीला. शिव्या मात्र दोन्ही आळ्यांतून, चोवीस तास, फुल प्रेशरने. निवृत्त झाल्यावर तात्यांनी गच्चीवर साठ-सत्तर कुंड्या मांडल्या. सगळी सक्युलंट. एचेव्हेरिया, हॉवर्थिया, जेड आणि घरचीच म्हणून कोरफड, पानफुटी. मोगरा का नाही, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मोगरा दुपारी बारालाच मान टाकतो. म्हणजे तक्रार अर्जच की तो! हे बघ, दहा-दहा दिवस पाणी सोडत नाही, पण एकानं हूं म्हणून केलं नाही. असा ग्राहक जन्मात बघितला नाही मी."

कुंडीतली माती हा तात्यांच्या संशोधनाचा विषय. पहिल्या वर्षी भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणली, झाडं खारवली. मग नारळाचा भुसा घातला; तो पाणी धरून बसला आणि मुळं कुजली. आता चिऱ्याचे वाटाण्याएवढे तुकडे, नदीची वाळू आणि चिमूटभर शेणखत. "पाणी वरून घातलं की खालून पळालं पाहिजे. लाइन चोकअप होता कामा नये." प्रत्येक कुंडीत बांबूची काडी खोचलेली. ती उपसून बघायची. ओल लागली तर वहीत नोंद होते: 'आवर्तन पुढे ढकलले.'

एकदा त्यांनी मला भल्या पहाटे हाक मारून पानफुटीचा तुकडा जिभेला लावायला दिला. आंबट होता. संध्याकाळी पुन्हा बोलावून त्याच झाडाचा दुसरा दिला. पाणचट. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या भाचीनं सांगितलेलं सगळं मग त्यांनी मला ऐकवलं. बेंजामिन हायने नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वनस्पतितज्ज्ञाला आपल्या देशातच ही चव लागली आणि १८१५ साली ती लंडनच्या लिनियन सोसायटीत छापून आली. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून बसतात, म्हणजे पाणी उडत नाही. रात्री ती उघडून हवा आत घेतात आणि तिचं आम्ल करून ठेवतात. दिवसभराच्या उन्हात ते खर्ची पडतं, म्हणून संध्याकाळी चव जाते. "थोडक्यात," तात्या म्हणाले, "रात्री व्हॉल्व्ह उघडा, दिवसा बंद. आमच्याच खात्यातली आहेत!"

मध्यंतरी तात्या आणि काकू लेकीकडे पुण्याला पंधरा दिवस गेले. किल्ली माझ्याकडे. सूचना एकच, "काही करायचं नाही." एवढं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं, आणि तेच मला जमलं नाही. कोरड्या ठक्क कुंड्या बघून जीव कळवळला. रोज एकेक तांब्या घालत गेलो. तात्या परतले तेव्हा पानं भिजल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक झाली होती, देठ काळे पडले होते. तात्या रागावले नाहीत. त्यांनी वहीत पंचनामा केला: 'मयत – एचेव्हेरिया चार, जेड एक. कारण – शेजाऱ्याची माया.' मग धड शेंडे कापून सावलीत कागदावर आठवडाभर सुकवले आणि कोरड्या मातीत टोचले. गळालेली निरोगी पानं नुसती मातीवर आडवी ठेवली, तर काही दिवसांनी त्यांनाही गुलाबी मुळं फुटली. "दुर्लक्ष करायला अक्कल लागते रे," तात्या म्हणाले. "माया काय, कुणीही करतो."

खरी परीक्षा मृगाला. आभाळाच्या व्हॉल्व्हची किल्ली तात्यांकडे नाही. सगळ्या कुंड्या पडवीत येतात आणि माणसं आडवी होऊन आत-बाहेर करतात. सर्दाळलेल्या हवेनं बुरशी धरते, म्हणून टेबलफॅन चोवीस तास झाडांकडे. दोरीवर तीन दिवसांचे ओले कपडे लोंबत असतात. "अहो, बनियन तुमचंच वाळत नाहीये, आणि वारा निवडुंगाला?" काकू विचारतात. त्या पंख्यासमोरच्या रांगेत मानाची कुंडी आहे एका जाड एचेव्हेरियाची. तिचं नाव थिबा. "मंडालेसारख्या कोरड्या मुलखातला राजा इंग्रजांनी १८८६ साली इथल्या पावसात आणून टाकला. १९१६ पर्यंत, मरेस्तोवर टिकला. हा पण टिकेल."

टिकला. यंदाच्या मे महिन्यात मी गच्चीवर गेलो तर थिबा टंच. आळीत नळ दिवसाआड, वर कातळावरच्या वाड्यांना टँकर. तात्यांनी कोरफडीचं पान दाबून दाखवलं. "आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. सगळा कातळावरून घरंगळून समुद्रात. हिला मी वर्षभरात दोन बादल्या घातल्या असतील. आता सांग, पाणीपुरवठा कुणाचा चांगला? कोकणाला कोरफडीएवढी अक्कल असती, तर मला इतक्या शिव्या बसल्या नसत्या."

खालून काकूंची हाक आली, "अहो, पाणी आलंय, हंडे लावा!"

तात्या उठले. पण आधी वही उघडून त्यांनी त्या दिवसाची नोंद केली: 'आवर्तन नाही. तक्रार नाही.'