किंमत इनबॉक्समध्ये

चित्रप्रदर्शनाच्या दाराशी एक टेबल असतं. त्यावर एक जाडजूड अभिप्रायवही असते आणि शेजारी, चित्रकार फारच आशावादी असला तर, पावतीपुस्तक. दुसऱ्या दिवसापर्यंत वही निम्मी भरते. 'अप्रतिम!', 'रंगांची उधळण', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. पावतीपुस्तकाचा कार्बन मात्र जसा आणला तसा परत जातो. यावर मराठी रसिकाला दळभद्री ठरवून मोकळं होण्याची पद्धत आहे, पण तो निकाल घाईचा आहे. भिंतीवर चित्राखाली नाव असतं, माध्यम असतं, लांबीरुंदी इंचांत असते, नसते ती फक्त किंमत. ती टेबलाच्या खणातल्या यादीत. मोबाइलवर तर यादीही नसते, 'किमतीसाठी इनबॉक्स करा' एवढाच हुकूम असतो. आता आपला माणूस विचारत का नाही? कारण विचारलं आणि परवडलं नाही, तर तोंडावर 'नको' म्हणावं लागेल, आणि ती लाज 'अप्रतिम' लिहिण्यापेक्षा फार महाग पडते. मग तो बाहेर पडून वडापाव खातो, ज्याचा भाव पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. स्वतंत्र कलावंताचं घोडं मार्केटिंगच्या कुठल्या गूढ शास्त्रापाशी अडलेलं नाही, ते या खणापाशी अडलंय, असं माझं मत आहे.

ही लाज मराठी मातीतच आहे, असं कोणी म्हणेल तर त्याने गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला जावं. तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या ओळीने लागतात, बाहेर फडाच्या नावाचे मोठे फलक आणि आत फडाचा माणूस वही उघडून बसलेला. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, तारीख सांगतात, आकडा ऐकतात, घासाघीस करतात, आणि पटलं की सुपारी ठरून विसार हातात पडतो. ज्या तिथीला पन्नास गावांच्या यात्रा, त्या तिथीचा भाव चढा. मोकळ्या तिथीचा उतरता. विमान कंपन्या हाच उद्योग संगणकावर करतात, तेव्हा तो अभ्यासक्रमात जातो. 'आमची लावणी अमूल्य आहे, बाकी इनबॉक्समध्ये बोलू' असं तिथे कोणी म्हणत नाही. म्हटलंच, तर कमिटी शेजारच्या राहुटीत शिरेल.

राजा रविवर्म्याने यापुढची पायरी दाखवली. मूळ तैलचित्रं बडोद्यासारख्या संस्थानांच्या राजवाड्यांत गेली, पण राजवाडे मोजकेच आणि भिंती अगणित, हे त्याच्या ध्यानात आलं. 1894 साली त्याने मुंबईत छापखाना काढला, आणि लक्ष्मी-सरस्वती ओलिओग्राफ होऊन घरोघरच्या देवघरांत पोहोचल्या. त्या दोघी एका घरात नांदत नाहीत असं म्हणणाऱ्यांच्याच घरात त्या शेजारीशेजारी टांगल्या गेल्या. आजच्या चित्रकारालाही हेच करता येतं. मूळ चित्र चाळीस हजारांचं असेल, तर त्याची सही केलेली प्रिंट दीड हजाराला आणि पोस्टकार्ड पन्नासला ठेवावं. पन्नास रुपये देणारा निदान गिऱ्हाईक होतो. फुकट 'अप्रतिम' लिहिणारा नातेवाइकासारखा राहतो, येतो, कौतुक करतो आणि चहा पिऊन जातो. दादासाहेब फाळक्यांनी तर सुरतेत, जिथे लोकांना तासनतास चालणाऱ्या नाटकांची सवय होती, तिथे आपल्या चित्रपटाची जाहिरातच अशी केल्याचं सांगतात, की सत्तावन्न हजार छायाचित्रं आणि दोन मैल लांबीचं चित्र, सगळं तीन आण्यांत. भारतीय सिनेमाचा जनक मैलाचा हिशेब देऊन तिकीट विकतो, आणि आपण आर्ट पेपरवरच्या प्रिंटचे पैसे मागताना घसा खाकरतो.

यावर आक्षेप येणारच. पहिला असा, की खरा कलावंत विकायला बसत नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे बघा. बघू या. गायतोंडे अबोल, प्रसिद्धीपासून लांब, हे खरं. 2013 साली मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटींहून अधिक किमतीला गेलं, हेही खरं. पण ते स्वतः 2001 मध्येच गेले होते. शिवाय त्यांच्या हयातीतही त्यांची चित्रं गॅलऱ्या विकतच होत्या. विक्रीचं काम टळलं नव्हतं, दुसऱ्याने केलं होतं, आणि दुसरा ते कमिशन घेऊन करतो. राहता राहिला लिलाव, तर तिथे सहसा अंदाजित किंमत आधीच कॅटलॉगमध्ये छापलेली असते. कोट्यधीशांनाही इनबॉक्समध्ये जायला आवडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रविवर्म्याचा छापखाना कर्जात बुडाला आणि त्याला तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. फाळके 1944 मध्ये नाशिकला हलाखीत वारले. मग विकून काय मिळालं? प्रश्न रास्त आहे, पण नीट पाहिलं तर छापखाना हातातून गेल्यावरही चित्रं पुढे कित्येक वर्षं छापली गेली आणि खपली. गिऱ्हाईक होतं, बिघडलं ते कर्जाचं, भांडवलाचं गणित. म्हणजे या उदाहरणांतून 'विकू नका' हा धडा निघत नाही, 'विका, आणि रोज संध्याकाळी वहीत हिशेब लिहा' हा निघतो. फ्रेमचा खर्च, गॅलरीचं भाडं, कुरिअर आणि आपली मजुरी धरून किंमत काढली, की ती सांगताना आवाज आपोआप स्थिर होतो, कारण मग ती आपल्या आत्म्याची किंमत उरत नाही, बिलाची बेरीज होते.

तेव्हा फार मोठं धोरण नको. किंमत चित्राखाली, नावाइतक्याच टायपात लिहावी. अभिप्रायवहीत 'अभिप्राय' हा रकाना अरुंद करून 'मोबाइल नंबर' हा रुंद करावा, आणि पुढच्या प्रदर्शनाआधी त्या नंबरांना कळवावं. मग एखाद्या मावशीने 'घरचंच तर आहे, आम्हाला कसली किंमत?' असं विचारलं, तर भिंतीकडे बोट दाखवावं. आकडा तिथे असला, की भांडण भिंतीशी होतं, आणि मावशी तुटत नाही.