एक्स्पोजरशास्त्री

उज्जैनला हरसिद्धीच्या आवारात संध्याकाळी एक इसम हमखास दिसतो. पाठ देवीकडे, तोंड दीपस्तंभांकडे, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. हा एक्स्पोजरशास्त्री. मराठेशाहीतले ते दोन उंच स्तंभ उजळायला माणसं सरसर वर चढतात, बघता बघता दिवे लागतात. शास्त्रीबुवा अजून हिशेबातच. १/६० सेकंद आणि एफ/४ जमतं, म्हणजे १/१५ आणि एफ/८ही जमतं, आणि १/२५०ला एफ/२. हिशेब बिनचूक आहे. भिंगाचं छिद्र आवळलं की शटर तेवढं जास्त वेळ उघडं ठेवायचं, प्रकाश तितकाच मिळतो. पण तिन्ही जोड्या बरोबर असतील, तर ‘बरोबर एक्स्पोजर’ शोधण्यात संध्याकाळ कशाला घालवायची? खरा प्रश्न निराळाच आहे. १/१५ला वर चढणाऱ्याचे हात फरफटलेले येतात. एफ/२ला जवळच्या स्तंभावर फोकस केला की मागचं सगळं धूसर होतं. यातलं काय चालेल, हे गणित सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि नेमकी ती वेळ आली की बुवा आयएसओचा विषय काढतात.

आता कोणी म्हणेल, शेजारच्या काकूंनी मोबाइलवर एका टिचकीत फोटो काढून घरी पाठवलासुद्धा, मग या माणसाचं कौतुक कशाला? थोडं आहे. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. काळं आभाळ दिसलं की सगळंच उजळवतो आणि ज्योतींचे पांढरे ठिपके करतो. बुवा ते ओळखून एक्स्पोजर दोन स्टॉप खाली आणतात. मोबाइल चार-सहा फ्रेम जोडून ज्योती सांभाळतो खरा, पण रात्रीची दुपार करताना काकूंना विचारत नाही. ‘रॉमध्ये काढा, घरी सुधारा’ हा सल्ला अर्धाच खरा: अंधारातलं बरंच वर काढता येतं, जळून पांढऱ्या झालेल्या ज्योतीत काढायला काही उरलेलंच नसतं, आणि हललेला हात घरी बसून स्थिर करणं अवघडच. म्हणजे निर्णय जागेवरच घ्यायला हवा, आणि बुवांचं सगळं ज्ञान तिथेच अडतं. २०२८च्या सिंहस्थासाठी त्यांची वही तयार आहे म्हणे. घाट, वेळ, ऊन, प्रत्येकापुढे तीन-तीन जोड्या. कोणती वापरायची, तो रकाना कोरा.